गाडी नुसत्या पाण्यावर का धावत नाही?

"पाण्यात हायड्रोजन असतो, हायड्रोजन जळतो, म्हणून गाडी पाण्यावर चालते" हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातली पहिली दोन विधानं खरी आहेत, म्हणूनच तो सहज पटतो.

पण गंगापूर धरणातून नाशिकच्या नळांना येणारं पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तसंच हे. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत 6 इलेक्ट्रॉन असतात, हायड्रोजनकडे 1. दोन हायड्रोजन ऑक्सिजनशी इलेक्ट्रॉनची भागीदारी करतात, त्याचे 8 पूर्ण होतात आणि त्यांचे प्रत्येकी 2. असा बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते; तो तोडायला ऊर्जा द्यावी लागते. 18 ग्रॅम पाणी फोडायला सुमारे 286 किलोज्यूल लागतात आणि त्यातला हायड्रोजन जाळून फार तर तेवढेच परत मिळतात. इंजिनात त्यातलेही बरेच उष्णतेत जातात.

घरीच बघा. ग्लासभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका (मीठ नको, विषारी क्लोरीन सुटतो). दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या दोन पेन्सिली 9 व्होल्टच्या बॅटरीला वायरने जोडून पाण्यात धरा. बुडबुडे येतील, ऋण टोकाकडे जास्त. वायर काढली की ते थांबतात.