बारा सेकंदांची हिरवळ

इंग्लंडमध्ये उन्हाळा आला की काउंट्यांमधले लॉन बोल्सचे सामने सुरू होतात. त्यातला मानाचा चषक म्हणजे मिडलटन कप. एका काउंटीचे २४ खेळाडू उतरतात, चार-चारांच्या सहा तुकड्या करून. हिरवळीवर शेजारी-शेजारी आखलेल्या सहा पट्ट्यांवर, म्हणजे रिंकवर, एकाच वेळी सहा लढती चालतात, आणि सहाही रिंकवरच्या गुणांची बेरीज सामन्याचा निकाल ठरवते. एका टोकाच्या रिंकवर दहा गुणांनी मागे पडलेल्या चौघांनी शेवटच्या डावात एक गुण वाचवला, तर दुसऱ्या टोकाला कमावलेल्या गुणाइतकंच त्याचं मोल. हरतानाही कसं हरायचं हे महत्त्वाचं ठरतं. म्हणून या सामन्यांत शेवटच्या गोळ्यापर्यंत कोणी सैल पडत नाही.

खेळ सांगायला सोपा. आधी एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू घरंगळत सोडतात. तो जॅक, वजन साधारण पाव किलो. मग दोन्ही संघ आळीपाळीने आपापले गोळे सोडतात. प्रत्येक खेळाडूचे दोन, म्हणजे चौघांच्या लढतीत एका डावात सोळा गोळे. सगळे सोडून झाले की जॅकच्या सर्वांत जवळ गोळा कोणाचा ते पाहायचं. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या गोळ्यापेक्षाही जवळ तुमचे जितके, तितके तुमचे गुण. पण गोळा सरळ जात नाही, आणि खेळाची सगळी गंमत इथे सुरू होते.

या गोळ्याला खेळात ‘बोल’ म्हणतात. मराठीत घोळ नको म्हणून मी गोळाच म्हणेन. वजन जास्तीत जास्त १.५९ किलो. दुरून गोल दिसतो, हातात घेऊन निरखला तर कळतं की दोन बाजू सारख्या नाहीत. ज्या पट्टीवर तो घरंगळतो ती किंचित एका अंगाला उतरती घडवलेली असते, त्यामुळे गुरुत्वमध्य त्या पट्टीच्या बरोबर वर न राहता जरासा बाजूला सरकतो. या कलाला बायस म्हणतात. पूर्वी हे गोळे लिग्नम व्हिटी नावाच्या, पाण्यात बुडणाऱ्या जड लाकडाचे असत आणि काहींमध्ये शिसं भरून कल आणत. आता गोळे कृत्रिम राळेचे बनतात, आत कुठलंही वेगळं वजन नसतं; कल येतो तो निव्वळ आकारातून. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना वर्तुळाकार खुणा असतात. लहान वर्तुळ ज्या अंगाला, त्या अंगाला गोळा वळणार. घाईत गोळा उलटा धरला तर तो भलत्याच बाजूला वळत शेजारच्या रिंकमध्ये शिरतो आणि बाद होतो. जिल्ह्या-जिल्ह्यांच्या सामन्यातही, मुरलेल्या हातांकडूनही, हे घडतं.

आता प्रश्न असा, की एका बाजूला जड असलेली वस्तू त्या बाजूला कलंडायला हवी. हा गोळा कलंडत नाही, वळतो. का?

टेबलावर एक नाणं उभं करून घरंगळत सोडा. वेगात असताना ते सरळ धावतं. वेग उतरला की एका अंगाला झुकतं, पण लगेच पडत नाही. ज्या अंगाला झुकलं त्या अंगाला वळू लागतं. फिरत्या वस्तूला बाजूने ओढ लागली की ती त्या ओढीपुढे सरळ मान टाकत नाही, आपल्या फिरण्याच्या अक्षाची दिशा बदलते. भोवऱ्यातही हेच घडतं. जोरात फिरणारा भोवरा जागच्या जागी ताठ उभा असतो. वेग उतरत गेला की डुलू लागतो, आणि पडायच्या आधीचं डुलणं सगळ्यात भरभर होतं. फिरकी जितकी मंद, तितकी अक्षाची दिशा झटपट बदलते.

गोळ्याच्या बाबतीत हे गणित फार सुरेख बसतं. वेग निम्मा झाला की दर सेकंदाचं वळण दुप्पट होतं. पण निम्म्या वेगाने गोळा एका सेकंदात अंतरही निम्मंच कापतो, म्हणून दर मीटरमागचं वळण होतं चौपट. शिवाय गवताच्या घर्षणाने वेग साधारण एकसारख्या गतीने उतरत असतो, असं धरलं तर वेग निम्मा होईपर्यंत गोळ्याने आपल्या वाटेचा तीन-चतुर्थांश भाग पार केलेला असतो.

२८ मीटरची वाट घेऊ. पहिल्या २१ मीटरमध्ये गोळा समजा एक ठरावीक कोन वळला. पुढच्या सव्वापाच मीटरमध्ये तो पुन्हा तेवढाच कोन वळतो. त्यापुढच्या साधारण १ मीटर ३० सेंटीमीटरमध्ये पुन्हा तेवढाच. आता ४५ सेंटीमीटरही उरलेले नाहीत, आणि गोळा अजून वळतोच आहे. म्हणून तो बराच वेळ जॅकच्या भलतीकडे चालल्यासारखा दिसतो, आणि अगदी शेवटी मान वळवून जॅकपाशी येतो. शेवटच्या क्षणी तर हे साधं गणितही अपुरं पडतं, कारण थांबता थांबता गोळा खरोखरच कलंडतो. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, खेळाडूने मनगटातून काही फिरकी दिली असावी. तसं काही नसतं. हातातून सुटताना गोळा शक्य तितका सरळ, न डुलता सुटावा एवढंच खेळाडू पाहतो; वळण गोळ्याच्या अंगातच असतं.

ब्रेअर्ली आणि बोल्ट या दोन गणितज्ञांनी १९५८ मध्ये या गोळ्याच्या गतीचं रीतसर गणित मांडलं. यातले ब्रूस बोल्ट पुढे भूकंपशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. १९९८ मध्ये सिडनी विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांनीही गोळ्याच्या वाटेवर शोधनिबंध लिहिला. वर सांगितलेल्या गणितातून निघणारी एक गोष्ट मला फार आवडते. जॅक जवळ असो वा लांब, एकाच हिरवळीवर गोळा सोडायचा कोन जवळपास तोच राहतो. लांबची वाट ही जवळच्या वाटेचीच मोठी केलेली प्रतिमा असते. बदलतो तो फक्त जोर. म्हणूनच जाणते खेळाडू आधी वाट शोधतात, आणि ती सापडली की सगळं लक्ष जोरावर देतात.

जोराचं गणित मात्र निर्दय आहे. गोळा किती दूर जाईल हे वेगाच्या वर्गावर ठरतं. हाताचा वेग शेकडा एक चुकला तर अंतर शेकडा दोन चुकतं. ३० मीटरवर ही चूक ६० सेंटीमीटरची होते. चांगल्या सामन्यात ६० सेंटीमीटरच्या आत प्रतिस्पर्ध्याचे दोन-तीन गोळे सहज मावतात.

कोन तोच राहतो तो एकाच हिरवळीवर. हिरवळ बदलली की कोनही बदलतो, आणि प्रांताप्रांतांच्या चुरशीत खरा पेच इथेच पडतो.

हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात. मॅटवरून, म्हणजे खेळाडू ज्या छोट्या चटईवर उभा राहतो तिथून, सोडलेला गोळा सुमारे २७ मीटरवर जाऊन थांबायला जितके सेकंद घेतो, तितक्या सेकंदांची ती हिरवळ. ब्रिटनमधल्या हिरवळी साधारण १० ते १२ सेकंदांच्या, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या १४ ते १८ सेकंदांच्या. आता यातली वेगवान कोणती? नवखा माणूस पटकन म्हणेल, १२ सेकंदांची. गोळा लवकर पोचला ना. खेळाडू नेमकं उलट म्हणतात, आणि तेच बरोबर आहेत. घर्षण जास्त असेल तर तेवढ्याच अंतरासाठी गोळा जोरात सोडावा लागतो, आणि तो भरकन जाऊन थांबतो. घर्षण कमी असेल तर हळुवार सोडलेला गोळाही रेंगाळत रेंगाळत तिथवर पोचतो. १२ सेकंदांच्या हिरवळीवर गोळा ताशी सुमारे १६ किलोमीटरने सोडावा लागतो, १६ सेकंदांच्या हिरवळीवर ताशी १२ किलोमीटर पुरतात. जास्त सेकंद म्हणजे वेगवान हिरवळ.

रेंगाळणारा गोळा मंद असतो, आणि मंद गोळा जास्त वळतो. गणित म्हणतं, हा परिणाम सेकंदांच्या वर्गाने वाढतो. बारावरून सोळावर गेलं की वळण जवळजवळ पावणेदोनपट होतं. तोच गोळा, तोच हात, तेच २७ मीटर, आणि घरच्या मैदानावर वर्षानुवर्षं पाठ झालेला कोन इथे साफ खोटा पडतो. पाहुणा संघ आल्या-आल्या सरावाचे गोळे टाकतो तेव्हा तो हात मोकळे करत असतोच, पण त्याहून जास्त या एका आकड्याचा अंदाज घेत असतो.

हा आकडा एकाच देशातही ठिकाणागणिक बदलतो, कारण गवत, माती, कापणी आणि पाऊस बदलतात. इंग्लंडमध्ये कंबरलंडच्या किनाऱ्यावरची, भरतीच्या खाऱ्या पाण्याने धुतली जाणारी हिरवळ कापून आणून बोल्सच्या मैदानांवर बसवत. तिचं बारीक, दाट पातं नावाजलेलं. न्यूझीलंडमध्ये तर अनेक मैदानांवर गवतच नसतं. कोट्युला नावाची जमिनीलगत पसरणारी, बारीक पानांची वनस्पती असते, आणि तिची मैदानं फार वेगवान असतात. एकाच मैदानावर सकाळचं दंव हिरवळ जड करतं, ऊन चढलं की ती सुटते. म्हणजे पहिल्या डावात शोधलेली वाट दहाव्या डावात खरी राहीलच असं नाही. शिवाय एकाच वाटेने गोळे जात राहिले की तेवढा पट्टा दबून गुळगुळीत होतो. सहा रिंक म्हणूनच सहा वेगळी मैदानं मानावी लागतात.

ही माहिती एका माणसाच्या आवाक्यातली नाही, म्हणून चौघांची तुकडी. पहिला लीड, मग सेकंड, थर्ड, आणि शेवटी स्किप. आपली पाळी येईपर्यंत स्किप जॅकपाशी, म्हणजे दुसऱ्या टोकाला उभा राहून हातवारे करत असतो. नवख्याला वाटतं तो हुकूम सोडतोय. खरं तर तो मोजमाप पाठवत असतो. मॅटवर उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची दीड-पावणेदोन मीटर आणि समोरचा गोळा २८ मीटरवर. इतक्या तिरप्या नजरेला पुढे-मागे असलेलं अर्ध्या मीटरचं अंतर जेमतेम तीन सेंटीमीटरइतकं दबलेलं दिसतं. गोळा जॅकला टेकलाय की हातभर मागे आहे, हे लीडला खरोखर दिसत नाही. स्किप तळवे पुढे-मागे धरून अंतर दाखवतो तेव्हा तो लीडला डोळे उसने देत असतो. लीडचा पहिला गोळा हा त्या डावातला पहिला प्रयोग. तो चुकला तरी किती आणि कुठे चुकला हे कळलं, की पुढच्या तिघांचं काम हलकं होतं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवलं. ते सुवर्णपदक आलं लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये, इंग्लंडच्या राष्ट्रीय स्पर्धा जिथे होतात त्याच हिरवळीवर. परक्या गवतावर हिरवळीच्या सेकंदांचा आकडा हुडकणं किती अवघड असतं हे लक्षात घेतलं की त्या चौघींची कामगिरी आणखी मोठी दिसते.

घरचं मैदान एवढं कामी येत असेल, तर प्रांतांमधला सामना न्याय्य कसा ठरवायचा? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर उत्तर इंग्लंडमध्ये मिळतं. लँकेशर, यॉर्कशर, चेशर या पट्ट्यात ‘क्राउन ग्रीन’ नावाचा याच खेळाचा भाऊ खेळला जातो. तिथली हिरवळ सपाट नसते. मधोमध फुटाच्या आसपास उंचवटा आणि सगळीकडे उतार. रिंक नसतात, कुठूनही कुठेही खेळायचं. जॅकलाही कल असतो, त्यामुळे जॅक सोडणारा आपल्याला सोयीची वाट निवडतो आणि तो कसा वळला हे पाहून जमिनीचा अंदाज घेतो. उतार आणि कल एकमेकांना कुठे साथ देतात आणि कुठे छेद देतात, हे त्या-त्या मैदानावर वाढलेल्यालाच उमगतं. यजमानाचा फायदा इथे सपाट मैदानापेक्षाही मोठा.

म्हणून तिथल्या काउंटी स्पर्धेत २४ जणांचा संघ दुभंगतात. बारा जण घरच्या मैदानावर खेळतात, बारा जण त्याच दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर, आणि दोन्हीकडचे गुण एकत्र मोजतात. दोन्ही काउंट्यांना घरचा फायदा सारखाच मिळतो आणि बेरजेत तो एकमेकांना खोडून काढतो. वैज्ञानिक प्रयोगात नको असलेला परिणाम काढून टाकायला नेमकं हेच करतात, आणि या मंडळींनी ते खेळातून शोधलं. घरच्या मैदानावरचा शेवटचा खेळाडू जिंकून बाहेर येतो, गोळे पुसून पिशवीत ठेवतो, आणि पलीकडच्या मैदानावरून आकडा येण्याची वाट पाहत सगळ्यांबरोबर उभा राहतो.