सारेकमधली बॅकपॅकिंग

सारेक हे स्वीडनच्या उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर असलेलं डोंगराळ राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ साधारण १९७० चौ. किमी, सगळ्यात उंच शिखर सारेकचोक्को (२०८९ मी.), हिमनद्या शंभरच्या आसपास. आत रस्ता नाही, खुणा केलेली पायवाट नाही, मुक्कामाला झोपड्या नाहीत, पूल हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कुंग्सलेडेन ही प्रसिद्ध पायवाट फक्त आग्नेय कोपऱ्यातून जाते. क्विकयोक, अक्त्से किंवा सुओर्वा या कडेच्या ठिकाणांकडून आत शिरायचं आणि तंबू, स्टोव्ह, सगळ्या दिवसांचं खाणं पाठीवर घेऊन चालायचं.

स्वीडनमध्ये राष्ट्रीय उद्यानं करायची ही कल्पना मुळात कुणाची यावर मतभेद आहेत. काही जण ध्रुवप्रवासी नूर्डेनशोल्डकडे बोट दाखवतात, कारण उत्तरेकडच्या देशांनी निसर्ग राखून ठेवावा असं त्याने १८८० मध्येच मांडलं होतं. दुसरं मत असं की खरी चालना १९०४ ला मिळाली, जर्मन शास्त्रज्ञ कोनवेंट्झची स्वीडनमधली व्याख्यानं आणि त्याच वर्षी संसदेत स्टारबेकने मांडलेला प्रस्ताव यांमुळे. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९०९ चा, आणि त्याच वर्षी झालेल्या पहिल्या नऊ उद्यानांत सारेक होतं. कायद्यापुरतं दुसरं मत जास्त पटतं, पण नेमकं सारेकच का निवडलं गेलं हे अक्सेल हामबेर्गशिवाय समजत नाही, हा माणूस १८९५ पासून इथल्या हिमनद्या मोजत होता, पार्तेचोक्को डोंगरावर त्याने वेधशाळा उभी केली आणि पुढे प्रवाशांसाठी मार्गदर्शिकाही लिहिली.

'माणसाचा स्पर्श न झालेला प्रदेश' ही सारेकची जाहिरात मात्र जपूनच घ्यावी. सामी लोक, म्हणजे या उत्तरेकडच्या भागातले मूळ रहिवासी, पिढ्यान्‌पिढ्या इथे रेनडिअर चारतात, आजही चारतात, त्यांच्या जुन्या चुलींचे दगड कुरणांत सापडतात. उद्यानातल्याच अल्काव्हारेला १७व्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीची खाण होती. १९९६ मध्ये लापोनिया, म्हणजे सारेक ज्यात येतं तो मोठा प्रदेश, जागतिक वारसा ठरला तोही निसर्ग आणि सामी संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. शेजारच्या स्टूरा श्योफालेट उद्यानाचा भाग तर १९१९ मध्येच सुओर्वा धरणासाठी वगळला गेला, म्हणजे संरक्षण मिळून जेमतेम दहा वर्षं झाली होती!

चालण्यातली खरी परीक्षा म्हणजे नद्या. पाणी हिमनदीचं, बारीक गाळामुळे दुधाळ, तळ दिसतच नाही. दिवसभर ऊन लागलं की बर्फ वितळतं आणि संध्याकाळी तोच ओढा फुगतो, म्हणून ओलांडायचं ते पहाटे. पात्र जिथे रुंद होऊन फाटे फुटतात तिथे पाणी उथळ, अरुंद जागा दिसायला सोपी पण तिथेच ओढ जास्त. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलोच तर सॅक झटकन टाकता यावी म्हणून, काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकवायची, बूट काढून अनवाणी जायचं नाही. रापा दरीत वाट आणखी अवघड होते, विलोची झुडपं डोक्याइतकी, खाली दलदल, आणि मूस, म्हणजे मोठ्या अंगाची हरणं, याच झुडपांत चरतात. जुलैत डासही भरपूर.

हिवाळ्याच्या शेवटी स्कीवरूनही लोक जातात, तेव्हा नद्या गोठलेल्या असतात पण हिमस्खलनाचा धोका असतो. उद्यानाच्या मध्यावर स्कार्याला संकटकाळासाठी एक टेलिफोन आहे.