थेंब केवढा, जीव केवढा

डोंगरातल्या सुट्टीत पाऊस लागला की बहुतेक जण कॅम्पर व्हॅनचं दार ओढून घेतात, पडदे सारतात आणि तो थांबायची वाट बघत बसतात. कीटक आणि प्राणी बघायला म्हणून निघालेल्यांनी तरी असं करू नये, असं मला मनापासून वाटतं. व्हॅनची काच हे तयार लपण आहे, आणि पावसात जनावरं काय करतात हे उन्हात कधीच कळत नाही. काय बघायचं हे मात्र आधी ठाऊक हवं.

पावसाचा थेंब फार मोठा होऊच शकत नाही. पाच-सहा मिलीमीटरच्या पुढे गेला की तो हवेतच फुटतो. पण ज्यांच्या अंगावर तो पडतो, त्यांच्या मापाला काही धरबंध नाही. दोन मिलिग्रॅमचा डास आणि शेकडो किलोचं अस्वल एकाच सरीत सापडतात, आणि दोघांपुढची अडचण पूर्णपणे वेगळी असते.

डासाचंच बघा. मोठ्या थेंबाचं वजन त्याच्या पन्नासपट असू शकतं आणि तो सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. या हिशेबाने भर पावसात एकही डास उडताना दिसू नये. प्रत्यक्षात ते उडतात. २०१२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत अँड्र्यू डिकरसन आणि डेव्हिड हू यांनी उडत्या डासांवर थेंब पाडून अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. डास इतका हलका असतो की तो थेंबाला अडवतच नाही. हवेतल्या फुग्यावर बुक्की मारली तर फुगा फुटत नाही, नुसता ढकलला जातो, तसंच इथे होतं. थेंब न फुटता डासाला सोबत घेऊन खाली जातो. थेंबाचा वेग फारसा कमी होत नाही, म्हणजे डासावर पडणारा जोरही थोडाच. काही अंतर असं गेल्यावर डास बाजूला सरकून सुटतो आणि पुन्हा पंख मारायला लागतो. बरेचदा तर थेंब पायाला किंवा पंखाला चाटून जातो आणि डास फक्त गिरकी खातो. खरा धोका जमिनीजवळ. तिथे सुटका व्हायच्या आत थेंब त्याला चिखलात किंवा डबक्यात आपटतो. धुवाधार पावसातही गवताच्या वर डास-चिलटं दिसतात ती यामुळे.

फुलपाखराला ही सोय नाही. त्याचे पंख रुंद, आणि पाणी चिकटलं तर त्यांचं ओझं उचलणार कसं? पंखावरच्या खवल्यांवर अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर त्याहून बारीक मेणाचा थर. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की जोरात आदळलेला थेंब पसरताना या उंचवट्यांमुळे त्याच्या पातळ पापुद्र्याला भोकं पडतात आणि त्याच्या चिंधड्या होऊन तो उडून जातो. पाणी पंखावर कमी वेळ टेकतं, त्यामुळे धक्काही कमी बसतो आणि पंखातली उष्णताही कमी जाते. हा दुसरा फायदा डोंगरात जास्त मोलाचा. साधारण हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, आणि फुलपाखराला उडण्यासाठी अंग आधी तापवावं लागतं. आल्प्सच्या उंच कुरणांतली कित्येक फुलपाखरं गडद तपकिरी, जवळजवळ काळी असतात ती ऊन चटकन शोषता यावं म्हणून. ढग आले की ती गवताच्या काडीवर पंख मिटून बसतात. तेव्हा अगदी जवळ जाता येतं. हातभर अंतरावरून पंखांवरचे मणी मोजावेत इतके सुटे थेंब दिसतात, आणि काडी जरा हलली की ते सगळे घरंगळून जातात.

बम्बलबी ही गुबगुबीत, केसाळ मधमाशी मात्र थंडीला जुमानत नाही. तिच्या उड्डाणाच्या स्नायूंना साधारण तीस अंश तापमान लागतं, आणि बाहेर दहा अंश असले तरी ती ते स्वतः तयार करते. पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवते. सरीनंतर एखाद्या काटेरी फुलाच्या खालच्या बाजूला ती लटकलेली दिसली तर दोन मिनिटं थांबून तिच्या पोटाकडे बघा. ते भरभर आत-बाहेर होत असतं, धाप लागल्यासारखं. म्हणजे तापवणं सुरू आहे. केसांवर बारीक दहिवर असतं, पाय फुलात रुतवलेले असतात, आणि मग एकाएकी गुणगुण सुरू होते आणि ती उडते.

कीटकांना पाऊस यायच्या आधीच त्याचा सुगावा लागतो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ साली भुंगेरे, पतंग आणि मावा अशा तीन अगदी वेगळ्या गटांतल्या कीटकांवर प्रयोग केले. हवेचा दाब बदलला की तिघांच्याही प्रणयाच्या वागण्यात फरक पडला, आणि दाब घसरत असताना भुंगेऱ्याच्या नरांना मादीच्या गंधाची ओढ कमी झाली. वादळात सापडून मरण्यापेक्षा आजचा दिवस सोडलेला बरा.

पावसाच्या पहिल्या सरीचा मातीचा वासही आपल्यासाठी नाही. त्यातला मुख्य पदार्थ जिओस्मिन. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तो बनवतात आणि आपल्या नाकाला तो लाख कोटी भागांत मोजके भाग असला तरी कळतो. जिवाणूंनी हा खटाटोप करावा कशाला? २०२० साली याचं एक सुंदर उत्तर मिळालं. स्प्रिंगटेल नावाचे मिलीमीटरभर लांबीचे सहा पायांचे जीव या वासामागे येतात, जिवाणू खातात, आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून आणि विष्ठेतून दूरवर नेतात. व्हॅनच्या पायरीशी पडलेली ओली पानं उचलून पाहिलीत तर टणकन उडणारे बारीक ठिपके दिसतील. ते हेच.

काही जीव तर पावसाचीच वाट बघतात. आल्प्समधला काळाकुळकुळीत सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर, कोरड्या दिवसांत दगडांखाली दडलेला असतो आणि सर आली की पायवाटेवर येतो. त्याची ओली कातडी वाळली तर श्वासच अडतो. बाकीचे बहुतेक उभयचर पाण्यात अंडी घालतात, पण उंचावर डबकी भरवशाची नाहीत, म्हणून याची मादी बहुधा दोनच पिल्लं पोटात वाढवते आणि पूर्ण वाढलेली जन्माला घालते. थंडीमुळे त्याला दोन ते तीन वर्षं लागतात, हत्तिणीच्या बावीस महिन्यांपेक्षाही जास्त. गाडीखाली एक मादी चिरडली तर ती भरून यायला किती काळ जाईल याचा विचार करा आणि ओल्या रात्री घाटात गाडी अगदी हळू चालवा. त्याला हात मात्र लावू नका. कातडीतून विष पाझरतं, आणि आपल्या हातांवरून त्यांचे रोगही पसरतात.

केसाळ प्राण्यांची अडचण ओल्या केसांची. भिजलेलं वटवाघूळ उडताना कोरड्यापेक्षा दुप्पट ऊर्जा खर्च करतं, असं कोस्टारिकात केलेल्या २०११ सालच्या अभ्यासात आढळलं. म्हणून जोराच्या पावसात ती सहसा बाहेर पडत नाहीत, सर ओसरली की निघतात. मोठे प्राणी अंग झटकतात, आणि त्यातही आकाराचा नियम आहे. लहान शरीराला पाणी उडवण्यासाठी जास्त वेगाने हलावं लागतं. उंदीर सेकंदाला तीसेक वेळा, अस्वल चारच वेळा.

आता व्हॅनबद्दल. मेफ्लायसारखे पाण्यात अंडी घालणारे कीटक तळं ओळखतात ते सपाट पृष्ठभागावरून परतणाऱ्या ध्रुवित, म्हणजे लहरी एकाच दिशेत डोलणाऱ्या, प्रकाशावरून. हंगेरीतल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं, की काळ्या आणि लाल गाड्यांचे चकचकीत पत्रे असाच प्रकाश परततात आणि माद्या टपावर अंडी घालून जातात. ती तिथेच वाळून मरतात. पांढऱ्या गाडीकडे त्या फारशा फिरकत नाहीत. गडद रंगाची व्हॅन असेल तर ओढ्यापासून लांब लावावी.

रात्रीच्या दिव्याचंही तसंच. उबदार, दमट, ढगाळ रात्री पतंग सर्वात जास्त येतात, पण ते दिव्याकडे ओढले जातात हा समज २०२४ साली मोडला. उडताना कीटक उजेडाकडे पाठ करतात, कारण निसर्गात उजेड वरून येतो. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे वळते आणि ते त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतात. तेव्हा पांढरी चादर टांगून थोडा वेळ दिवा लावा, पतंग मनसोक्त बघा, आणि मग तो बंद करा. अंधार झाला की अडकलेल्यांची सुटका होते आणि उरलेल्या रात्री त्यांना खाता येतं, जोडीदार शोधता येतो.