बॉस्क परिषदेत सॉफ्टवेअर मांडायचंय? अर्ज, पात्रता आणि लायसन्सची अट

बायोइन्फर्मॅटिक्स म्हणजे जीवशास्त्रातल्या माहितीचं संगणकाने केलेलं विश्लेषण. त्यासाठीच्या बायोपर्ल, बायोपायथन, बायोजावा या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना आधार देणारी ओपन बायोइन्फर्मॅटिक्स फाउंडेशन ही ना-नफा संस्था पूर्णपणे स्वयंसेवक चालवतात. २००० सालापासून भरणारी बॉस्क (बायोइन्फर्मॅटिक्स ओपन सोर्स कॉन्फरन्स) ही तिची वार्षिक परिषद. ती बहुतेक वर्षी आयएसएमबी या संगणकीय जीवशास्त्राच्या मोठ्या परिषदेचा भाग म्हणून होते, त्यामुळे आपल्या कामाचा गोषवारा आयएसएमबीच्याच ऑनलाइन प्रणालीत, बॉस्क हा विभाग निवडून द्यायचा.

गोषवाऱ्यात तीन गोष्टी हव्यातच: प्रकल्पाच्या संकेतस्थळाचा पत्ता, सोर्स कोडचा पत्ता आणि लायसन्सचं, म्हणजे कोड वापरण्याच्या परवान्याचं, नेमकं नाव. कोड कुणालाही, परवानगी न मागता उतरवून घेता आला पाहिजे.

खरी गोम लायसन्समध्ये आहे. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर कोड टाकला म्हणजे तो ओपन सोर्स (कुणालाही वापरायला, बदलायला आणि वाटायला मोकळा) झाला, हा समज चुकीचा. लायसन्सची फाइल नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात आणि तो कोड कायदेशीररीत्या कुणाला वापरता येत नाही. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ ही ओळ आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसते. तीही चालत नाही. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या ओपन सोर्सच्या व्याख्येतलं सहावं कलम वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करायला मनाई करतं. एमआयटी, बीएसडी, अपाचे २.० किंवा जीपीएल यांसारखं त्या संस्थेने मान्य केलेलं लायसन्स घ्या आणि त्याचा पूर्ण मजकूर रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ठेवा. आत दुसऱ्याचा जीपीएल कोड मिसळला आहे का, हेही तपासा; जीपीएलची अट मिसळून झालेल्या सगळ्या कोडला लागू होते, त्यामुळे सगळ्याला एमआयटी लावून वाटता येणार नाही.

भारतात नोकरीत असाल तर आणखी एक पायरी आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. म्हणून संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या. विद्यार्थ्यांनी आपल्या संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण वाचावं. ही सही मिळायला वेळ लागतो. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

गोषवारा स्वीकारला गेला तरी नोंदणी शुल्क वेगळं भरावं लागतं. खर्च झेपत नसेल तर फाउंडेशनच्या फेलोशिपसाठी स्वतंत्र अर्ज करा. त्यात तुमच्या सहभागाने मुक्त सॉफ्टवेअरला आणि या क्षेत्रातल्या विविधतेला काय हातभार लागेल, ते ठोस लिहा. रक्कम कार्यक्रमानंतर, झालेल्या खर्चाची भरपाई म्हणून मिळते; तेव्हा तिकिटं आणि शुल्काच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.