किन्सीची पट्टी आणि क्लाइनचा तक्ता: एकाच मापाचे दोन प्रकार नव्हेत

उभयलैंगिकतेवरच्या (बायसेक्शुअल असणं, म्हणजे स्त्री-पुरुष दोघांकडे ओढ असणं) संशोधनात लैंगिक कल मोजणाऱ्या किन्सी आणि क्लाइन यांच्या मापांची नावं इतकी जोडीने येतात की क्लाइनचा तक्ता म्हणजे किन्सीच्या पट्टीचीच सुधारित आवृत्ती, असं बरेचजण धरून चालतात. तसं नाही. दोन्हींत काय मोजायचं तेही वेगळं आणि मोजणाराही वेगळा.

लैंगिकतेचे अमेरिकन संशोधक आल्फ्रेड किन्सी यांची पट्टी 1948 ची. 0 म्हणजे केवळ भिन्नलिंगी, 6 म्हणजे केवळ समलिंगी. आकडा माणूस स्वतः निवडत नसे. प्रशिक्षित मुलाखतकार लैंगिक आयुष्याची सविस्तर माहिती घेत आणि संशोधक वर्तन व मानसिक ओढ एकत्र धरून आकडा ठरवत. नेटवर दहा प्रश्नांत ‘किन्सी स्कोअर’ हातात ठेवणाऱ्या चाचण्या त्याच्या नव्हेत.

फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 मध्ये वेगळी वाट धरली. सात बाबी: आकर्षण, वर्तन, कल्पना, भावनिक पसंती, सामाजिक पसंती, जीवनशैली, स्वतःची ओळख. प्रत्येकीला तीन काळ: भूतकाळ, वर्तमान म्हणजे गेले बारा महिने, आणि आदर्श, म्हणजे आपल्याला कसं असावंसं वाटतं ते. एकूण 21 चौकटी, त्या माणसाने स्वतः भरायच्या, 1 ते 7 आकड्यांत.

पहिला घोळ इथेच होतो. किन्सीचा मध्य 3, क्लाइनचा 4. दोन्हींची माहिती एकत्र करताना क्लाइनच्या आकड्यांतून 1 वजा करायचा राहिला, की त्या तक्त्यातले सगळेच एक घर समलिंगी टोकाकडे सरकतात.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो: सरासरी. समजा, एका विवाहित पुरुषाने वर्तमानाच्या रकान्यात आकर्षण 4, वर्तन 1, कल्पना 5, भावनिक 2, सामाजिक 2, जीवनशैली 1, ओळख 1 भरलं. बेरीज 16, सरासरी 2.3. म्हणजे ‘थोडासा कललेला’ माणूस. प्रत्यक्षात ओढ दोन्हींकडे आणि वागणं एकाच बाजूचं, ही तफावतच तक्त्याने पकडली होती. सरासरीने ती पुसली.

क्लाइनचा तक्ताही निर्दोष नाही. सामाजिक पसंतीचा प्रश्न लैंगिकतेपेक्षा मैत्रीबद्दलच जास्त सांगतो. ओळखीच्या ओळीत ‘बायसेक्शुअल’ म्हणवणाऱ्याला स्वतःचं घर नाही. 4 वर, भिन्नलिंगी आणि समलिंगी यांच्या अधेमधे बसावं लागतं. शिवाय दोन्ही मापं स्त्री-पुरुष या दोनच टोकांवर उभी आहेत.

एकाच रेघेची खरी अडचण मानसशास्त्रज्ञ मायकेल स्टॉर्म्सने 1980 मध्ये दाखवली. मधल्या आकड्यावरचा माणूस दोघांकडे तीव्र ओढला जातो की दोघांकडे जेमतेम, हे रेघेवरून कळत नाही. म्हणून प्रत्येकाकडच्या ओढीसाठी एक, असे दोन स्वतंत्र अक्ष हवेत. नव्या प्रश्नावल्यांसाठी तोच पाया बरा: आकर्षण दोन आकड्यांत, वर्तन ठरावीक कालावधीसह, ओळख शब्दांत, आणि तिन्ही वेगळे प्रश्न. नमुन्यात बायसेक्शुअल कमी भरले म्हणून त्यांना समलिंगींच्या गटात ढकलू नये. मानसिक आरोग्याच्या अभ्यासांत अशा एकत्र गटातून निघालेला आकडा नेमका कोणाचा, हे मागाहून सांगता येत नाही.