पार्श्वभूमी : राष्ट्रपतींचे पदक, की राष्ट्रीय पुरस्कार?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की दरवर्षी एक वाक्य छापून येतेच : 'श्यामची आई'ला पहिले सुवर्णकमळ मिळाले होते. अभिमान रास्तच आहे. पण त्या चित्रपटाला कमळ मिळाले नव्हते, आणि ज्या समारंभात त्याचा गौरव झाला त्याला तेव्हा 'राष्ट्रीय' असेही नाव नव्हते.

१० ऑक्टोबर १९५४ रोजी नवी दिल्लीत झालेल्या त्या समारंभात १९५३ सालच्या चित्रपटांचा विचार झाला होता. म्हणूनच कुणी '५३चा पुरस्कार' म्हणतो, कुणी '५४चा', आणि दोघेही बरोबर असतात. चित्रपटविषयक चौकशी समितीचा अहवाल येऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. तोवर सरकारचा या धंद्याशी संबंध मुख्यतः करमणूक कर आणि सेन्सॉरची कात्री एवढाच. गंमत अशी, की ज्या माहिती व नभोवाणी खात्याच्या आकाशवाणीवरून त्याच सुमारास हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले होते, त्याच खात्याने ही पदके सुरू केली. तेव्हाचे खात्याचे मंत्रीही मराठीच. कलात्मक आणि तांत्रिक दर्जाबरोबर शैक्षणिक व सांस्कृतिक मूल्य ही कसोटी होती. साने गुरुजींची श्याम आणि त्याच्या आईची गोष्ट त्या कसोटीला कशी उतरली, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

आता नावांचा घोळ. या पुरस्कारांच्या मूळ इंग्रजी नावात 'स्टेट' हा शब्द होता. त्याचा अर्थ शासनसंस्था, म्हणजे भारत सरकार. त्याचे 'राज्य पुरस्कार' असे भाषांतर केले, तरी १९५४मध्ये गैरसमजाला फारशी जागा नव्हती. पण १९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच दशकात राज्य शासनाने स्वतःचे मराठी चित्रपट पुरस्कार सुरू केले आणि 'राज्य पुरस्कार' हा शब्द कायमचा मुंबईकडे आला. त्यामुळे जुन्या मजकुरात एखाद्या चित्रपटाला 'राज्य पुरस्कार' मिळाल्याचे वाचले, तर आधी साल पाहावे. साठच्या आधीचे असेल तर तो दिल्लीचाच. ही साधी खबरदारी न घेतल्याने भल्याभल्यांच्या यादीत चुका आहेत.

पदकाचेही तसेच. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळाले ते 'राष्ट्रपती सुवर्णपदक'. सुवर्णकमळ आणि रजतकमळ ही नावे बऱ्याच नंतर आली. हा फरक वरवर किरकोळ वाटेल, पण पदक राष्ट्रपतींच्या नावाचे होते, हे लक्षात ठेवावे लागते. ते पुढे कामाला येते.

निवडीवर आजही कुरकुर ऐकू येते. 'दो बिघा जमीन'ला त्याच १९५४मध्ये मुंबईच्या एका नियतकालिकाच्या पहिल्याच पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले गेले, कान महोत्सवातही त्याचा गौरव झाला, आणि दिल्लीत मात्र त्याची बोळवण गुणवत्ता प्रमाणपत्रावर झाली. हिंदी समीक्षकांना ही चूक वाटते. मला वाटत नाही. कसोटी मुळात वेगळी होती, आणि कोकणातल्या एका घराची गोष्ट भाषेच्या पलीकडे पोचली, याचे श्रेय परीक्षकांना द्यायलाच हवे. अभिनयाचे पदक मात्र तेव्हा नव्हतेच. पडद्यावरच्या आईला वेगळे काही मिळाले नाही ते यामुळे.

दुसऱ्या वर्षी भाषावार रौप्यपदके आली. मराठीतले ते 'महात्मा फुले'ला मिळाले. अभिनयाचा विचार सुरू झाला तो थेट १९६७च्या चित्रपटांपासून. नावे 'भरत' आणि 'उर्वशी'. पहिला भरत एका बंगाली नटाला, पहिली उर्वशी 'रात और दिन'च्या नायिकेला, नर्गिसला. १९६९च्या पुरस्कारांपासून फाळक्यांच्या नावाचा सन्मान आला. मराठी चित्रपटाला पुन्हा सर्वोच्च मान मिळायला मात्र ५० वर्षे लागली. २००३चा 'श्वास', मग 'देऊळ' (तोही एका ब्यारी चित्रपटाबरोबर विभागून), 'कोर्ट' आणि 'कासव'. अर्धशतकाचा दुष्काळ, आणि मग चौदा वर्षांत चार.

२०१८चा वाद अनेकांना अजून आठवत असेल. ३ मे रोजी राष्ट्रपतींनी फक्त ११ पुरस्कार स्वतः दिले, बाकीचे मंत्र्यांच्या हस्ते. राष्ट्रपती अशा कार्यक्रमांना एक तासच थांबतात, असा खुलासा झाला. पन्नासहून अधिक विजेते समारंभाला फिरकले नाहीत. 'पुरस्कार तोच, हात कुणाचा याला काय महत्त्व?' असे तेव्हा बरेच जण म्हणाले. पण सुरुवातीची मोठी पदके राष्ट्रपतींच्याच नावाने दिली जात होती. नाव बदलले तरी लोकांच्या मनातले 'राष्ट्रपती पदक' गेले नव्हते. विजेत्यांचा राग मला त्यामुळे अनाठायी वाटला नाही.

२०२४मध्ये आणखी काही नावे बदलली. पदार्पणाच्या चित्रपटाच्या पुरस्कारातून एका माजी पंतप्रधानांचे नाव गेले, राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्कारातून पहिल्या उर्वशीचे. पुढच्याच वर्षी जाहीर झालेल्या ७१व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला २०२३चा नवा 'श्यामची आई'. नाव तेच, कमळ रजताचे. पुरस्कारांच्या वंशावळीत तो जुन्या 'श्यामची आई'च्या सुवर्णपदकाचा वारस ठरत नाही, 'महात्मा फुले'च्या रौप्यपदकाचा ठरतो.