डोळ्यात राहून गेलेला लोखंडाचा कण : आमच्या पक्षकारांसाठी माहिती

छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला कण डोळ्यात शिरला की फार दुखतंच असं नाही. कण बारीक असतो, वेगात असतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी होते आणि आपोआप मिटते. त्या दिवशी नजरही चांगली असू शकते. मग "कचरा गेला असेल" म्हणून डोळा धुतला जातो, थेंब मिळतात आणि माणूस घरी येतो. आत राहिलेल्या कणामुळे काही दिवसांत डोळ्यात पू होऊ शकतो. तसं झालं नाही तरी लोखंड महिनोन् महिने आत गंजत राहतं. रात्रीचं दिसेनासं होतं, बुबुळ तांबूस पडतं, आणि तोवर डोळ्याचा पडदा खराब झालेला असतो.

अशा प्रकरणात आम्ही सगळ्यात आधी पहिल्या दिवसाचा केसपेपर मागतो. काय करताना लागलं, ते त्यावर लिहिलंय का? दोन्ही डोळ्यांची नजर आकड्यांत नोंदवली आहे का? बाहुली मोठी करून पडदा पाहिला का, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगितला का? (लोखंडाचा संशय असताना एमआरआय करत नाहीत, चुंबकामुळे कण हलतो.) हातोड्याचं काम सांगूनही यातलं काहीच झालेलं नसेल, तर दाव्याला पाया आहे. नजरेचा रकाना कोरा असलेला केसपेपर पाहिला की आम्हाला खरंच वाईट वाटतं, कारण ती तपासणी दोन मिनिटांची असते.

मात्र डोळा गेला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. कण वेळेत सापडला असता तर नजर वाचली असती, हेही दाखवावं लागतं. त्यासाठी दुसऱ्या नेत्रतज्ज्ञाचं लेखी मत बहुतेक वेळा लागतंच.

पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) दवाखान्यातले उपचारही येतात. तो निकाल २००७ चा. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी रुग्णालयाविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. उपचारांचं बिल ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

तक्रारीची मुदत २ वर्षांची. दोष उशिरा कळला तर मोजणी कळल्यापासून धरली जावी, असं मांडता येतं. पण त्रास होत असताना तुम्ही गप्प बसलात, तर ते अंगाशी येतं. मुंबईच्या एका शस्त्रक्रियेत पोटात राहिलेल्या गॉजच्या (जखमेवर वापरायच्या जाळीदार कापडाच्या) प्रकरणात रुग्णाने वर्षानुवर्षं दुखणं सोसलं आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात तक्रार मुदतीबाहेर ठरली. म्हणून नजर अंधूक वाटली की त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. आधी डोळा, मग दावा.

कागदपत्रांसाठी रुग्णालयात लेखी अर्ज द्या आणि पोचवर शिक्का घ्या. ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मूळ केसपेपर कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. थेंबाच्या बाटलीची पावतीसुद्धा जपून ठेवा, तारीख तिच्यावरच असते. आणि शस्त्रक्रियेत कण निघाला तर तो लहान बाटलीत मागून घ्या, डोळ्यात नेमका कुठे होता ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.